विश्लेषण : साखळीतला हात दाबला, हे चढाईपटूला कसे कळले? मैदानातील गुप्त खुणा संघ कशा जपतात?

भातकापणी उरकून शेते मोकळी झाली, की पेण आणि रोहा तालुक्यांत कबड्डीचा हंगाम सुरू होतो. खारेपाटातील गाव असो, कुंडलिकेच्या काठचे असो की धाटावच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेले. पाणी मारून माती दाबली जाते, बांबूंवर दिवे चढतात आणि सामने मध्यरात्र उलटेपर्यंत रंगतात. अलीकडे या मैदानांच्या कडेला एक नवी वस्तू हमखास दिसते, ती म्हणजे तिपाईवर लावलेला मोबाइल. सामना यूट्यूबवर थेट दाखवला जातो आणि नोकरीसाठी मुंबईत किंवा आखातात गेलेला गावकरीही तो पाहतो. मात्र तोच सामना पुढच्या फेरीतील प्रतिस्पर्धीही पाहतो. हवा तितक्या वेळा, मागेपुढे करून, थांबवून. झेप घेण्याआधी डावा कोपरारक्षक शेजाऱ्याला काय सुचवतो, हे त्या चित्रफितीत टिपलेले असते. मैदानातल्या मैदानात विरून जाणाऱ्या खुणा आता जपून ठेवता येतात, म्हणजेच चोरताही येतात. अमेरिकेतील फुटबॉलला याच प्रश्नाने गेली अनेक वर्षे छळले आहे. तिथे त्यावर प्रचंड पैसा खर्च झाला, प्रशिक्षक निलंबित झाले, शेवटी खेळाडूंच्या शिरस्त्राणात रेडिओ बसवावा लागला. पेण-रोह्याच्या संघांकडे यातले काहीच नाही. तरीही त्यांच्यापुढचा पेच तोच आहे, किंबहुना काही बाबतीत अधिक अवघड आहे.

कबड्डीत गुप्त खुणांची गरज कशासाठी?

पुरुषांच्या कबड्डीत एका संघाच्या वाट्याला येणारे अंगण दहा मीटर रुंद आणि साडेसहा मीटर खोल असते. तेवढ्या जागेत सात बचावपटू आणि एक चढाईपटू. चढाई ३० सेकंदांची. एवढ्या अवधीत बचाव फळीला एकच निर्णय घ्यायचा असतो, तो म्हणजे आधी कोणी जायचे आणि कधी. एकटा गेला आणि पकड निसटली तर एक गुण जातो. एक जण गेला आणि दुसरा अर्धा क्षण उशिरा पोहोचला, तर चढाईपटू दोघांना बाद करून मध्यरेषा गाठतो. दोघे एकाच क्षणी गेले तरच पकड होते. कबड्डीतील उत्तम पकड बघताना ती ताकदीची वाटते, पण मुळात ती वेळेची असते. आणि वेळ जुळवायची तर आधी काहीतरी ठरलेले हवे, ते शेजाऱ्याला कळवता यायला हवे आणि समोरच्याला कळता कामा नये.

इथेच अडचण सुरू होते. चढाईपटू दोन-तीन हातांवर उभा असतो. ‘आता’ असे ओरडले, तर ते शेजाऱ्याइतकेच त्यालाही ऐकू जाते. शिवाय सातही जण त्याच्या नजरेच्या टप्प्यात असतात. अमेरिकी फुटबॉलमध्ये प्रशिक्षक निदान काही मीटर दूर, सीमारेषेबाहेर उभा राहून हातवारे करतो. इथे खूण करणारा आणि ज्याच्यापासून ती लपवायची तो, यांच्यात अंतरच नाही.

चढाईच्या बाजूचे गणित उलटे आहे. चढाईपटूचे तोंड ‘कबड्डी, कबड्डी’ या घोषाला बांधलेले. घोष तुटला की चढाई संपली, त्यामुळे तो स्वतः कोणाला काही सांगू शकत नाही. त्याला बाहेरून कोणी सांगावे, तर नियम आडवा येतो. चढाई सुरू असताना स्वतःच्या संघातील कोणी चढाईपटूला सावध केले किंवा सूचना दिली, तर प्रतिस्पर्ध्यांना गुण देण्याची तरतूद आहे. शेकडो प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात पंच तो नियम किती वेळा लावू शकतात, हा वेगळा प्रश्न. पण नियमाचा हेतू लक्षात घेण्याजोगा आहे. अंगणात शिरलेल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर आणि डोक्यावर खेळावे, असे हा खेळ मानतो. म्हणून चढाईपटूला जे काही सांगायचे ते आधीच सांगून झालेले असते. बोनस घ्यायचा आहे की गडी टिपायचा आहे, की नुसता वेळ काढून परत यायचे आहे, एवढेच. हे सांगण्यासाठी कर्णधाराची दोन बोटे किंवा खांद्यावरची थाप पुरते.

साखळीची भाषा कशी असते?

सातपैकी दोन कोपरारक्षक, त्यांच्या शेजारी आतले दोघे, मग दोन कव्हर आणि मधला एक, ही बचावाची परिचित मांडणी. हे गडी जोडीजोडीने हात धरून उभे राहतात. ही साखळी प्रेक्षकाला तटबंदीसारखी वाटते. ती तटबंदी आहेच, पण त्याचबरोबर ती तार आहे. कोपरारक्षकाने शेजाऱ्याची बोटे दाबली, मनगट किंचित ओढले किंवा हात सैल सोडला, की निरोप पोहोचतो. समजा, एका जोडीने ठरवले की एकदा दाबले तर थांबायचे आणि दोनदा दाबले तर कोपऱ्याने घोट्यावर झेप टाकायची व शेजाऱ्याने लगेच वरून आधार द्यायचा. हा निरोप कानाला ऐकू येत नाही, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही आणि पोहोचायला क्षणही लागत नाही. कोणत्याही बॅटरीवर न चालणारी इतकी सुरक्षित संदेशव्यवस्था दुसऱ्या खेळात क्वचितच सापडेल.

पण ‘जवळजवळ’ या शब्दातच सगळे आले. हात दाबताना खांदा हलतो. झेप घेणाऱ्याचा भार पुढच्या पायाच्या चवड्यावर येतो. नवखा खेळाडू ज्याच्यावर झडप घालायची त्याच्या घोट्याकडे आधीच बघून घेतो. मुरलेला चढाईपटू या गोष्टी वाचत असतो. मातीवर खेळून तयार झालेले जुने खेळाडू बचावपटूच्या हाताकडे फारसे बघत नाहीत, पायाकडे बघतात, कारण हात खोटे बोलू शकतो, पण शरीराचा भार सहसा खोटे बोलत नाही. त्यामुळे खूण जपण्याचा पहिला भाग सांकेतिक भाषेचा नसून शरीराच्या शिस्तीचा आहे. निरोप मिळाल्यावरही आधीसारखेच उभे राहता आले पाहिजे. हे शिकायला वर्षे लागतात.

दुसरा भाग हुलकावणीचा. खरी खूण लपवण्याचा सर्वात स्वस्त उपाय म्हणजे आजूबाजूला खोट्या खुणांची गर्दी करणे. डावीकडची जोडी उगाच हात झटकते, मधला पुढे पाऊल टाकून मागे येतो, कव्हर मोठ्याने काहीतरी ओरडतो आणि प्रत्यक्षात निरोप उजव्या कोपऱ्यातून निघालेला असतो. अर्थात हुलकावणी फार झाली की आपलाच गडी फसतो. मैदानावर खुणा चोरल्या जाऊन जितक्या पकडी फसतात, त्याहून कितीतरी जास्त आपल्याच जोडीदाराला खूण न कळल्याने फसत असतील. साधी पण सतत बदलणारी खूण ही क्लिष्ट पण कायमच्या खुणेपेक्षा केव्हाही बरी.

शेजारीच प्रतिस्पर्धी असला की काय होते?

राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचा संघ हरयाणा किंवा सेनादलाशी खेळतो तेव्हा मराठी हीच निम्मी सांकेतिक भाषा असते. सांघिक विश्रांतीच्या ३० सेकंदांत प्रशिक्षक मोठ्याने बोलला तरी बिघडत नाही. पेण तालुक्यातला संघ रोह्याच्या संघाशी खेळताना ही सोय नाही. बोली तीच, शब्द तेच, टोपणनावेही एकमेकांना ठाऊक. दोन्ही गावांत सोयरिकी असतात. दिवा-रोहा गाडीने कामावर जाणारे दोन्ही संघांचे खेळाडू एकाच डब्यात बसलेले असू शकतात. ‘दाद्या, बघ’ या आरोळीचा अर्थ बघ असा आहे की जा असा, हे समोरच्या संघातल्या मावसभावाला विचारण्याचीही गरज पडत नाही.

खरी गळती मात्र नात्यागोत्यातून होत नाही, ती खेळाच्या रचनेतूनच होते. जिल्हा निवड चाचणीत वेगवेगळ्या संघांतून खेळाडू निवडले जातात. एका गावचा उजवा कोपरारक्षक आणि दुसऱ्या गावचा कव्हर सराव शिबिरात जोडी म्हणून उभे राहतात, एकमेकांचा हात दाबायला शिकतात, राज्य स्पर्धा खेळून परततात आणि पुढच्या महिन्यात गावच्या स्पर्धेत समोरासमोर येतात. हेच व्यावसायिक संघांतही होते. नोकरी बदलली की संघ बदलतो आणि खेळाडूबरोबर खुणाही जातात. यावर एकच उपाय आहे. खूण संघाची न ठेवता जोडीची ठेवायची आणि जोडी बदलली की खूण बदलायची. बँकेच्या कार्डाचा गुप्त क्रमांक बदलण्याइतकेच हे सोपे वाटते. पण रोज संध्याकाळी कारखान्याची पाळी किंवा गणपतीच्या कारखान्यातले काम आटोपून जेमतेम दीड तास सराव करणाऱ्या मुलांना दर स्पर्धेला नवी खूण हाडीमाशी भिनवणे सोपे नसते. पेणमध्ये तर मूर्तिकामाचा भर असताना अर्धा संघ सरावाला येईल की नाही याचीही खात्री नसते.

यात पणाला काय लागलेले असते, हे शहरातील वाचकाला पटकन कळणार नाही. गावच्या स्पर्धेचा चषक ही झाली वरची गोष्ट. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांची दारेही कबड्डीपटूंना खुली असतात. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून मातीतल्या खेळाडूला लिलावाचे स्वप्नही दिसू लागले. या सगळ्याची पहिली पायरी जिल्हा संघात निवड ही आहे. एकोणीस वर्षांच्या कोपरारक्षकाला निवड समितीसमोर दोन किंवा तीन सामने मिळतात. त्याच्या झेपेआधीची सवय समोरच्या चढाईपटूने चित्रफितीत पाहून ठेवली असेल, तर ते दोन सामने कोरडे जाऊ शकतात.

अमेरिकी फुटबॉलमध्ये खुणा कशा लपवतात?

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा चेंडू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकी फुटबॉल वेगळा. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात आणि मुख्य म्हणजे प्रत्येक झटापटीनंतर खेळ थांबतो. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी असतात आणि दोन संधींच्या मध्ये साधारण ४० सेकंद मिळतात. या ४० सेकंदांत प्रशिक्षक शेकडो पाठ केलेल्या डावांतून एक निवडतो आणि तो मैदानावरील ११ जणांपर्यंत पोहोचवतो. प्रतिस्पर्ध्याला डाव आधीच कळला, तर तो आपले खेळाडू नेमक्या जागी उभे करू शकतो. कबड्डीतला चढाईपटू डावीकडे येणार की उजवीकडे, हे आधीच ठाऊक असावे, तसेच.

तो डाव कळवण्याची तऱ्हा बघण्यासारखी असते. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, तिथे ओरडून काही उपयोग नाही. म्हणून सीमारेषेवर दोन-तीन जण वेगवेगळ्या रंगांच्या टोप्या किंवा बंड्या घालून एकाच वेळी वेगवेगळे हातवारे करतात. त्यांपैकी एकाच्याच खुणा खऱ्या असतात, बाकीचे सोंगाडे. खरा कोण, हे दर सामन्याला, कधी दर सत्राला बदलते. काही संघ चार चित्रांचे मोठे फलक उंचावतात. एकावर नटाचा चेहरा, दुसऱ्यावर प्राणी, तिसऱ्यावर एखाद्या कंपनीचे चिन्ह. त्यातले कोणते चित्र बघायचे हे फक्त आपल्या खेळाडूंना माहीत. खेळाडूंच्या मनगटावर बारीक अक्षरांची पट्टी असते आणि प्रशिक्षक फक्त आकडा दाखवतो. खुणा करणाऱ्याच्या मागे दोघे चादर धरून उभे राहतात, म्हणजे पाठीमागच्या बाजूने कोणी चित्रण करू नये. ऐंशी हजार लोकांसमोर चादर धरून उभे राहण्याची नोकरी, हा एकूण प्रकार थोडा हास्यास्पद दिसतो. पण करणाऱ्यांसाठी त्यात कोट्यवधी डॉलर गुंतलेले असतात.

व्यावसायिक लीगने, म्हणजे एनएफएलने, १९९४ मध्ये यावर तोडगा काढला. मुख्य आक्रमक खेळाडूच्या, क्वार्टरबॅकच्या, शिरस्त्राणात छोटा ध्वनिक्षेपक बसवला. प्रशिक्षक थेट त्याच्या कानात बोलतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज आपोआप बंद होतो. पुढचा निर्णय खेळाडूचा. ही १५ सेकंदांची अट महत्त्वाची आहे. यंत्र आले तरी खेळ खेळाडूच्या डोक्यातून जावा, एवढी काळजी त्यात घेतलेली दिसते. २००८ पासून बचाव करणाऱ्या संघातील एका खेळाडूलाही ही सोय मिळाली. त्याला निमित्त ठरले २००७ मधील प्रकरण. न्यू इंग्लंड पॅट्रियट्स संघाचा कर्मचारी प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जेट्सच्या प्रशिक्षकांच्या खुणांचे चित्रण करताना सापडला. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना पाच लाख डॉलर आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला, शिवाय नवे खेळाडू निवडण्याची पहिल्या फेरीतील संधी काढून घेण्यात आली.

मिशिगन प्रकरण काय होते?

विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये मात्र कानातला रेडिओ आला नव्हता. सगळ्या विद्यापीठांना तो परवडणार नाही, हे त्यामागील एक कारण. त्यामुळे तिथे हातवारे आणि फलक चालू राहिले आणि ते वाचण्याची विद्याही फोफावली. सामना चालू असताना सीमारेषेवरून नुसत्या डोळ्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या खुणा वाचल्या तर तो गुन्हा नाही. बंदी दोन गोष्टींवर आहे. भावी प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांना आधीच माणसे पाठवून पाहणी करणे आणि खुणा टिपण्यासाठी विद्युत उपकरणे वापरणे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मिशिगन संघाचा एक कनिष्ठ कर्मचारी, कॉनर स्टॅलियन्स, याच्यावर नेमका हाच आरोप झाला. पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या ३० हून अधिक सामन्यांची तिकिटे त्याने काढली होती. त्याची माणसे सीमारेषेकडे मोबाइल रोखून बसायची. नोव्हेंबरमध्ये मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ यांना तीन सामन्यांसाठी बाजूला ठेवण्यात आले. मिशिगनने तरीही जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले आणि त्या विजेतेपदावर कायमचे प्रश्नचिन्ह लागले. एप्रिल २०२४ मध्ये विद्यापीठ क्रीडा संघटनेने सर्वोच्च गटासाठी शिरस्त्राणातील रेडिओला परवानगी दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये अंतिम शिक्षा झाली. त्यात स्टॅलियन्सवर आठ वर्षांचे निर्बंध आणि विद्यापीठाला मोठा आर्थिक दंड यांचा समावेश होता.

या प्रकरणातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे त्याचे साहित्य. उपग्रह नाही, हेरगिरीची यंत्रणा नाही. तिकीट, मोबाइल आणि चिकाटी. यातल्या पहिल्या वस्तूची पेण-रोह्याच्या मैदानावर गरजही पडत नाही.

क्रिकेट आणि बेसबॉलमध्ये काय घडले?

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण क्रिकेटमधले. १९९९ च्या विश्वचषकात इंग्लंडमधील होव येथे भारताविरुद्ध दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए कानात ध्वनिक्षेपक घालून उतरला होता. प्रशिक्षक बॉब वूल्मर बाहेरून बोलत होते. सामना सुरू असतानाच ते उपकरण काढायला लावले गेले. त्यानंतर एकवीस वर्षांनी, २०२० मध्ये केपटाऊनला, इंग्लंडचे विश्लेषक नेथन लीमन यांनी सज्ज्यातून ‘४ई’, ‘२सी’ अशी अक्षरे दाखवून कर्णधार ऑइन मॉर्गनला सल्ला दिला, तेव्हा मात्र ते नियमात बसले. तार नव्हती, म्हणून चालले.

याहून लोभस किस्सा सचिन तेंडुलकरने स्वतः सांगितलेला आहे. न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत ख्रिस केर्न्स चेंडू झाकून रिव्हर्स स्विंग करत होता. दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या तेंडुलकरला चेंडूची चकाकती बाजू दिसत होती. चेंडू कोणत्या दिशेला वळणार त्यानुसार तो बॅट या किंवा त्या हातात धरायचा आणि समोर राहुल द्रविड गोलंदाजाकडे न बघता त्या बॅटकडे बघून खेळायचा. काहीतरी शिजते आहे, हे केर्न्सच्या लक्षात यायला वेळ लागला. साखळीत हात दाबण्याचाच हा प्रकार, फक्त २२ यार्डांवरून.

बेसबॉलमध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाने २०१७ मध्ये कॅमेऱ्याने खुणा टिपून कचऱ्याचा डबा बडवून फलंदाजाला कळवल्या. २०२० मध्ये ५० लाख डॉलरचा दंड झाला. २०२२ पासून तिथे बटण दाबून कानात निरोप देणारे उपकरण आले. म्हणजे प्रवास सगळीकडे सारखाच आहे. खूण, खुणेची चोरी, कॅमेरा, घोटाळा आणि शेवटी महागडे यंत्र.

मोबाइलच्या चित्रणावर बंदी घालावी का?

कबड्डीत शेवटची पायरी शक्यच नाही. उघड्या अंगाने भिडणाऱ्या खेळाडूच्या कानात यंत्र बसवता येत नाही आणि बसवू नये. मग कॅमेऱ्यालाच अटकाव करावा, असे काही संघांना वाटणे स्वाभाविक आहे. पण ते चूक ठरेल. ज्या चित्रफितीमुळे कोपरारक्षकाची सवय उघडी पडते, तीच चित्रफीत त्याला गावाबाहेर ओळख देते. पूर्वी रोह्याच्या आतल्या गावातील मुलगा चांगला खेळतो हे मुंबईतील एखाद्या व्यावसायिक संघाच्या प्रशिक्षकाला कळायला कोणीतरी शब्द टाकावा लागे. आता दुवा पाठवला तरी पुरते. शिवाय मैदानात, शेकडो लोकांसमोर जे घडते ते बघण्याचा आणि लक्षात ठेवण्याचा हक्क सगळ्यांना आहे, प्रतिस्पर्ध्यालाही. डोळ्यांनी वाचणे हा खेळाचाच भाग आहे आणि खेळ झाल्यावर चित्रफीत पाहून अभ्यास करणे हा त्या वाचण्याचाच विस्तार आहे. प्रो कबड्डीतील संघ हे उघडपणे करतात, गावच्या संघाने केले तर त्याला चोरी म्हणणे हा दुटप्पीपणा होईल.

रेषा ओढायची असेल तर ती दुसरीकडे ओढली पाहिजे. संघाच्या बाकाजवळ, विश्रांतीच्या वेळी प्रशिक्षक बोलत असताना मोबाइल नेऊन ध्वनिमुद्रण करणे, हे चित्रण नव्हे. दूरचित्रवाणीवर प्रो कबड्डीतील प्रशिक्षकांचे बोलणे ऐकवले जाते, म्हणून गावच्या मैदानावरही मोबाइलवाले घोळक्यात घुसतात. तिथे संघांनी त्याला मान्यता दिलेली असते, इथे कोणी विचारलेलेही नसते. दुसऱ्या गावाच्या सराव मैदानावर जाऊन शूटिंग करणे हेही तसेच. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये लीड्स युनायटेडला डर्बी काउंटीच्या सरावावर माणूस पाठवल्याबद्दल दोन लाख पौंड दंड झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन उडवल्यामुळे कॅनडाच्या महिला फुटबॉल संघाचे सहा गुण कापले गेले. विवाह समारंभांमुळे ड्रोन आता तालुक्याच्या गावीही भाड्याने मिळतो, तेव्हा हा विषय फार दूरचा मानण्याचे कारण नाही.

तिसरी आणि सर्वात नाजूक गोष्ट म्हणजे सामना चालू असताना बाकावर बसून त्याच सामन्याचे थेट प्रक्षेपण मोबाइलवर मागे नेऊन पाहणे. पूर्वार्धात डावा कोपरा कितीदा आणि काय करून गेला, हे मध्यंतराच्या पाच मिनिटांत सापडते. ज्या संघाकडे असा पाहणारा माणूस आणि चांगले नेटवर्क आहे, त्याला फायदा मिळतो, दुसऱ्याला नाही. दोन्ही संघांना सारखी सोय नसेल, तर सामन्याच्या वेळी बाकावर मोबाइल नको, एवढे म्हणणे अवाजवी ठरणार नाही. सरपंच आणि पंचांच्या आजच्या कामात यामुळे मोठी भरही पडणार नाही.

गावचे संघ स्वतः काय करू शकतात?

बरेच काही, आणि तेही फुकट. आपल्याच सामन्याची चित्रफीत प्रतिस्पर्ध्याच्या नजरेने पाहणे हे पहिले काम. झेपेआधी आपला कोपरारक्षक दर वेळी बनियन ओढतो का, मातीवर हात घासतो का, हे प्रतिस्पर्ध्याच्या आधी आपल्याला कळले पाहिजे. दुसरे म्हणजे खुणेला किल्ली ठेवणे. बेसबॉलमध्ये टोपी, छाती, दंड असा भराभर हात फिरवतात, पण ठरलेल्या एका स्पर्शानंतरची खूणच खरी असते. साखळीतही हे जमते. आधी अंगठा दाबला तरच पुढचा दाब खरा, नाही तर तो केवळ हाताचा चाळा. पकड फसली की किल्ली बदलायची. मध्यंतराला बदलायचीच. राखीव खेळाडू आत आला की जोडीची खूण त्याच्याबरोबर नव्याने ठरवायची. तो बाहेरगावचा, एका स्पर्धेपुरता आलेला असेल तर अगदी साधी ठेवायची.

आणि कधी कधी खूण चोरली गेली आहे हे कळूनही न बदलणे, हा सर्वात जुना डाव. दोनदा दाबले की झेप येते, असे चढाईपटूने हेरले आहे ना? मग पुढच्या वेळी दोनदा दाबायचे आणि डावा कोपरा जागेवर ठेवायचा. चढाईपटू त्याची झेप चुकवण्यासाठी उजवीकडे सरकतो, तिथे कव्हर वाट बघत असतो. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना अशी पकड झाली, तर अव्वल पकडीचे दोन गुण मिळतात. चित्रफितीवर केलेला अभ्यास अशा वेळी अभ्यास करणाऱ्याच्याच अंगावर उलटतो.

बाकी नियमांचा भाग आयोजकांकडे येतो. स्पर्धेच्या सुरुवातीला संघ-व्यवस्थापकांना वेळ, पोशाख, खेळाडूंचे वजन, बरोबरी झाल्यास पाच-पाच चढायांचा डाव असे सगळे सांगितले जाते. प्रक्षेपणाचा मोबाइल अंगणाच्या कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर राहील, विश्रांतीच्या वेळी संघाच्या घोळक्यात कोणी जाऊ नये आणि बाकावर कोणाच्या हातात मोबाइल असू नये, या तीन ओळी त्याच वेळी सांगता येतील. जिल्हा संघटनेने हंगामाआधी तसे कळवले, तर पेणमधील स्पर्धेत एक आणि रोह्यातील स्पर्धेत दुसरेच, असेही होणार नाही.